कवळीवाल्यांची साखर

नवऱ्याच्या खणात, कवळीच्या दाढांच्या डबीखाली तिला सात कागद सापडले. संत्र्याच्या गोळ्यांचे. प्रत्येकाची इतकी बारीक घडी घातलेली, की दुसऱ्या कुणाला तो कचरा वाटला असता. पण आपला नवरा कागदाची घडी कशी घालतो हे तिला बत्तीस वर्षांत पाठ झालं होतं. चोरी करायची तर माणसाने जरा डोकं तरी वापरावं! सात कागद, एकावर एक, नीट रचून ठेवलेले. रबरबँड तेवढा लावायचा राहिला होता.

तिने ते त्याच्यासमोर कामाच्या टेबलावर मांडले. तो स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवत होता.

"हे काय?"

"गोळ्यांचे कागद," तो म्हणाला.

"ते मलाही दिसतंय. डोळे शाबूत आहेत माझे. तुमच्या खणात काय करतायत?"

त्याने सुरी खाली ठेवली, दिव्यावर टोपण घातलं आणि अगदी सरळ आवाजात सांगितलं, "दुपारी हात थरथरतो गं हल्ली. घाम सुटतो. एक गोळी चघळली की थांबतं. म्हणून खातो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साखरेचा रोगी गोळी खातो, आणि वर सांगतो की गोळीने बरं वाटतं! "बहाणा तरी बरा शोधायचा होतात," ती म्हणाली. "साखर वाढली की हात थरथरणारच. आणि त्यावर औषध म्हणून तुम्ही आणखी साखर खाता! धन्य आहे तुमची. नऊ वर्षं झाली, नऊ! माझा जीव खाऊन झाला, आता गोळ्या खायला लागलात."

लाकडी फळ्यांच्या भिंतीपलीकडे हातोडीची ठकठक थांबली. पलीकडे तसबिरींना चौकटी करणारा फ्रेमवाला बसायचा. भांडण रंगात आलं की त्याची हातोडी हमखास थांबायची.

"तुम्ही ठोका हो तुमचे खिळे!" ती भिंतीकडे बघून ओरडली. ठकठक पुन्हा सुरू झाली.

तिचा नवरा कवळ्या करायचा. गल्लीत त्याला सगळे कवळीवाले म्हणत, खरं नाव विचारलं तर निम्म्यांना आठवलं नसतं. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेऊन प्लास्टरचा साचा पाठवायचे आणि हा त्यावर मेणाच्या हिरड्या चढवून एकेक दात बसवायचा. काम केसाच्या टोकाइतकं. हात हलला तर आयुष्यभर कुणाच्या तरी तोंडात 'स'चा 'श' होणार. मागच्या खोलीत त्याचं टेबल, पुढच्या खोलीत तिचं. साच्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, तयार माल डब्यांत भरायचा, डॉक्टरांचे फोन घ्यायचे, हे सगळं तिच्याकडे.

दोघांच्या या धंद्यात एकच नियम कडक होता. एका डॉक्टरचं काम दुसऱ्या डॉक्टरच्या नजरेला पडता कामा नये. गल्लीच्या टोकाच्या दंतवैद्यांचं काम डाव्या मांडणीवर आणि पुलापलीकडच्यांचं उजव्या, आणि दोन्हींवर कापडी पडदे. एकदा पुलापलीकडचे न सांगता आले होते. टोकाच्यांचा साचा त्यांनी टेबलावर पाहिला आणि वर्षभर एक दात पाठवला नाही. "माझं काम सोडून त्यांचं आधी करता काय?" त्या दिवसापासून दोघांनी कानाला खडा लावला. पडदे तिनेच शिवले. एक डॉक्टर दारात दिसला की दुसऱ्याच्या मांडणीवरचा पडदा तिच्या हाताने आपोआप ओढला जायचा. कुणी दुसऱ्याने केलेली वाईट कवळी दुरुस्तीला आणली, तरी कवळीवाले ती उलटसुलट करून "हं" एवढंच म्हणायचे. ताकास तूर लागू द्यायचे नाहीत.

नऊ वर्षांपूर्वी त्याला मधुमेह निघाला आणि तिच्या डोक्याला कायमचा ताप झाला. ती सगळं नीट करत होती, म्हणून तर तिला संताप यायचा. मोजून पोळ्या, उकडलेल्या भाज्या, बिनसाखरेचा चहा, संध्याकाळी चार चकरा. तरी दर तीन महिन्यांनी साखरेचे डॉक्टर कागद बघायचे आणि चष्मा नाकावर सरकवायचे. आकडा हटायचा नाही. औषधाची गोळी वाढायची, आकडा जरासा खाली यायचा, पुन्हा वर चढायचा. "खरंच नाही गं खाल्लं काही," तो घरी येऊन म्हणायचा. सुरुवातीला तिने विश्वास ठेवला. मग ठेवायचं सोडलं. साखर काय हवेतून येते? कुठून तरी तोंडातूनच जात असणार. तिने त्याचे खिसे तपासले, खण उघडले, एकदा तर फ्रेमवाल्यालाही दम भरला. काही सापडलं नाही, म्हणून तिला तो जास्तच बिलंदर वाटला.

मागच्या खेपेला तर हद्द झाली. साखरेच्या डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहिलं. "पथ्य पाळलं जात नाहीये, बाई. घरातून लक्ष हवं." गोळी दुप्पट केली. भरल्या खोलीत तिचे कान लाल झाले. लक्ष! तिच्याइतकं लक्ष तर तुरुंगातला पहारेकरी देत नसेल. घरी आल्याबरोबर तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली एप्रनच्या नाडीला बांधली.

लिव्हरचं प्रकरण त्याच सुमारास उपटलं. डोळ्याच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर हिपॅटायटिस सी निघाला. "मला कधी साधी कावीळ झाली नाही," कवळीवाले म्हणाले. मोठ्या रुग्णालयातल्या लिव्हरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा विषाणू असाच असतो, वीसवीस वर्षं गुपचूप बसतो. जुनी चौकशी झाली तेव्हा तरुणपणचा अपघात निघाला, त्या वेळी चढवलेल्या रक्ताच्या दोन बाटल्या निघाल्या. तेव्हा रक्त असं तपासत नसत. बायकोचंही रक्त तपासलं, तिच्यात काही नव्हतं. बारा आठवडे रोज एक गोळी, म्हणजे सुटका. इतकं सोपं ऐकून तिला उलट राग आला होता. साखरेला मात्र नऊ वर्षं पुरत नाहीत!

आता डॉक्टर दोन झाले, तेव्हा घरातला नियम तिथेही लागू झाला. साखरेच्या डॉक्टरांची निळी पिशवी, लिव्हरच्या बाईंची हिरवी. निळ्यातला कागद हिरव्यात जाणार नाही आणि हिरव्यातला निळ्यात. शिस्त म्हणजे शिस्त, असं तिला त्याचं कौतुकही होतं. साखरेच्या डॉक्टरांना लिव्हरचं सांगायचं नाही हे दोघांनी बोलूनही ठरवलं नाही, ते ठरलेलंच होतं. ज्याला त्याला आपापल्या कामापुरतं.

औषध सुरू झालं त्या दिवशी तो रुग्णालयात एकटा गेला होता आणि येताना एक बंद पाकीट घेऊन आला. पाकिटावर साखरेच्या डॉक्टरांचं नाव आणि खाली लिव्हर विभागाचा शिक्का.

"हे त्यांना नेऊन द्या म्हणाल्या. आणि साखर बघत राहा म्हणाल्या."

"बघतेच आहे की रोज सकाळी!" तिने पाकीट उलटंसुलटं केलं. "आणि हे त्यांच्या हातात दिलं तर काय म्हणतील ते? इतके दिवस सांगितलं नाहीत, परस्पर दुसरीकडे गेलात? आधीच माझ्यावर खार खाऊन आहेत."

"बघ बाई," तो म्हणाला. त्यालाही ते पटलेलं दिसलं. एका डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्यासमोर ठेवायची, म्हणजे त्याच्या दृष्टीने पडदा उघडाच टाकायचा.

साखरेच्या डॉक्टरांची पुढची तारीख तीन महिन्यांनी होती. तेव्हाचं तेव्हा बघू, असं म्हणून तिने पाकीट ठेवून दिलं. ठेवलं कुठे? हिरव्या पिशवीत. शिक्का हिरव्या पिशवीचा होता ना!

त्यानंतर आठ आठवड्यांत एक चमत्कार झाला. बोटाला सुई टोचून साखर बघायचं छोटं यंत्र ती रोज सकाळी चहाआधी लावायची. एकशे ऐंशीचा आकडा दीडशेवर आला. मग एकशे वीस. मग शंभराच्या आत. तिने तो वहीत लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि कपाटाच्या कुलपाकडे अभिमानाने पाहिलं. नऊ वर्षं जे औषधाला जमलं नाही ते एका कुलपाने केलं. सकाळी माणूस सुतासारखा सरळ होता. दुपारी मात्र चिडचिडा व्हायचा, घामाने भिजायचा, समोरची वस्तू शोधत बसायचा. दुपारी यंत्र लावावं असं तिच्या मनात आलं नाही. ते सकाळचं यंत्र होतं. आणि आता हे सात कागद सापडल्यावर तर सगळा उलगडाच झाला. सकाळी उपाशीपोटी आकडा चांगला, दुपारी चोरून गोळ्या. मुद्देमालासकट सापडला होता.

कागद सापडले तो मंगळवार होता; बुधवारपासून तिने त्याच्या सकाळच्या खाण्यातला निम्मा पाव काढून घेतला. सात गोळ्या कुठून तरी वसूल करायला नकोत?

"एवढंच?" त्याने ताटलीकडे बघून विचारलं.

"बाकीचं तुम्ही खणात खाताच की."

तो काही बोलला नाही. त्याचं हे न बोलणंच तिला असह्य व्हायचं. भांडावं माणसाने, ताट आपटावं, म्हणजे समोरच्यालाही मोकळं बोलता येतं. याने आपले चार घास खाल्ले, औषधं घेतली, दोन्ही डॉक्टरांची, आणि उठून गेला.

गुरुवारी टोकाच्या दंतवैद्यांची एक घाईची कवळी होती. एका निवृत्त मुख्याध्यापिकेची. शाळेत त्यांचं भाषण होतं आणि शुक्रवारी दात हवे म्हणजे हवेच होते, दंतवैद्यांनी तीनदा फोन करून बजावलं होतं. तिने जेवण तासभर पुढे ढकललं. आधी काम, मग पोट. फोन ठेवून ती मागच्या खोलीत आली, तेव्हा त्याने कुठून तरी एक गोळी काढली होती आणि कागद सोलत होता. बोटं इतकी थरथरत होती की कागद सुटत नव्हता.

"आणा इकडे!"

"अगं, एकच…"

"आणा म्हणते ना!" तिने गोळी त्याच्या हातातून हिसकावली. टेबलाखाली हात घातला, तिथे आणखी तीन होत्या. त्याही घेतल्या. चारही एप्रनच्या खिशात कोंबल्या. "लाज वाटते का काही? आकडा कधी नव्हे तो शंभराच्या आत आलाय. माझ्या मेहनतीवर पाणी ओतताय. पुन्हा त्या माणसासमोर मान खाली घालून बसायचंय मला, तुम्हाला काय!"

तो तिच्याकडे बघत राहिला. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, तो त्याने पुसलासुद्धा नाही. "हात थांबत नाही," तो म्हणाला.

"थांबेल. काम करा, थांबेल."

पुढच्या खोलीत येऊन तिने दोन डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. हातात रागाचा जोर होता, एक चिठ्ठी फाटली. पंधराएक मिनिटांनी ती पुन्हा आत गेली. आत टेबलावर जबड्यासारखं उघडझाप होणारं पितळी यंत्र होतं आणि त्यावर मुख्याध्यापिकाबाईंचे दात. पुढच्या दातांच्या जागी दाढा बसवल्या होत्या. दोन दात उलटे होते, मुळं वर. खालच्या ओळीत एका बाजूला काहीच नव्हतं आणि दुसऱ्या बाजूला एकावर एक तीन.

"ही काय थट्टा मांडलीय?" तिचा आवाज चढला. "उद्या द्यायचेत दात! राग माझ्यावर काढा, त्या बिचाऱ्या बाईंच्या तोंडावर काढू नका!"

त्याने मान वर केली. तिच्याकडे अगदी सभ्यपणे पाहिलं, गिऱ्हाइकाकडे बघतात तसं, आणि म्हणाला, "आपल्याला कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं?"

ती एक पाऊल पुढे झाली.

"अहो," ती म्हणाली. "अहो, मी आहे."

"बसा ना," तो म्हणाला, आणि स्वतःच स्टुलावरून एका बाजूला कलला. तिने धावत जाऊन त्याला धरलं. अंग गार, सदरा चिंब. तिचा आवाज कसा निघाला तिलाच कळलं नाही, पण भिंतीपलीकडची हातोडी थांबली आणि फ्रेमवाला हातातला खिळाही न ठेवता आत आला.

"वहिनी, गोळी द्या त्याला!"

"कसली गोळी?"

"ती संत्र्याची! त्यानेच सांगितलंय मला, हात थरथरला की गोळीने थांबतं. मीच आणून ठेवतो त्याच्यासाठी, माझ्या दुकानात."

"अहो, साखरेचा आजार आहे त्यांना! साखर चढलीय ही!"

"मग यंत्र लावा. लावा म्हणतो ना!"

यंत्र सकाळचं होतं, तरी तिने आणलं. सुई टोचली. आकडा आला अडतीस.

"बिघडलंय," ती म्हणाली. नऊ वर्षं ती वर जाणाऱ्या आकड्याला घाबरत आली होती. आकडा इतका खालीही जाऊ शकतो, आणि माणसाला घेऊन जाऊ शकतो, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिने पट्टी बदलली. सदतीस.

फ्रेमवाला ओरडला, "माझ्या आईचं असंच झालं होतं! साखर उतरलीय. पाण्यात साखर घालून आणा, पटकन, घोट गिळतोय तोवर!"

ती स्वयंपाकघरात धावली. कपाटाला कुलूप. किल्ली एप्रनच्या नाडीला, आणि नाडीला तिनेच सात गाठी मारलेल्या, कुणी सोडवून घेऊ नये म्हणून. गाठ सुटेना. तिने एप्रनच डोक्यावरून ओढून काढला, किल्ली नाडीसकट कुलपात घातली. हात असे थरथरत होते की दोनदा भोक चुकलं. तेव्हा तिला कळलं हात थरथरणं काय असतं.

फ्रेमवाल्याने त्याला बसतं धरून ठेवलं आणि तिने घोटघोट पाजलं. पहिले दोन घोट हनुवटीवर सांडले. मग तो गिळायला लागला. अर्धा पेला गेल्यावर त्याच्या डोळ्यांत ओळख आली. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग यंत्रावरच्या दातांकडे. "हे कुणी केलं?" तो घाबरून म्हणाला.

रुग्णवाहिका आली. निघताना तिने दोन्ही पिशव्या उचलल्या, निळी आणि हिरवी. विचार करून नाही, हाताला लागल्या म्हणून.

मोठ्या रुग्णालयातल्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होती. तिने पिशव्या मागितल्या आणि दोन्ही एकाच पलंगावर उपड्या केल्या. निळे कागद, हिरवे कागद, सगळे एकत्र. कवळीवाल्यांच्या बायकोला ते बघवेना. तिचा हात नकळत पुढे झाला, वेगळे करायला.

"राहू द्या," ती डॉक्टर म्हणाली. "साखरेची एवढी मोठी गोळी चालू आहे? आणि हे लिव्हरचं औषधही? कोणी कोणाला सांगितलं नाही?"

मग वरच्या मजल्यावरून लिव्हरच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी कागद चाळले आणि पहिलाच प्रश्न केला, "मी पत्र दिलं होतं ना? त्यांच्या साखरेच्या डॉक्टरांना? त्याचं काय झालं?"

पाकीट पलंगावरच होतं. बंद. डॉक्टरीणबाईंनी ते उचललं, चिकटवलेली कड पाहिली आणि तिच्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ते उघडून तिच्याच हातात दिलं, "वाचा."

पत्र सहा ओळींचं होतं. रुग्णाला हिपॅटायटिस सी आहे, आज औषध सुरू केलं. विषाणू कमी होईल तशी साखरही उतरण्याची शक्यता आहे. कृपया गोळ्यांचं प्रमाण तपासावं, दुपारीही साखर पाहावी. हात थरथरणं, घाम, भूक, चिडचिड, गोंधळ दिसल्यास ताबडतोब गोड द्यावं.

तिने शेवटची ओळ दोनदा वाचली. ताबडतोब गोड द्यावं.

"पण लिव्हरचा आणि साखरेचा काय संबंध?" तिने विचारलं. आवाजात अजूनही थोडी तक्रार होती. सवय अशी एका दिवसात जात नाही.

"हा विषाणू नुसता लिव्हरमध्ये झोपून राहत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इन्सुलिनच्या कामात बिघाड करतो. शरीर इन्सुलिन तयार करतं, पण लिव्हर त्याचं ऐकत नाही, रक्तात साखर सोडत राहतं. हा विषाणू असलेल्या माणसाला मधुमेह व्हायचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. पुष्कळ वेळा आधी मधुमेह सापडतो आणि विषाणू मागाहून."

"म्हणजे… ते चोरून खात नव्हते?"

"ते मला कसं माहीत असणार?" बाईंना हसू आलं. "आणि सगळं विषाणूमुळेच झालं असंही मी म्हणणार नाही. वय असतं, घराण्यात असतं. पण नऊ वर्षं पथ्य करून आकडा हलत नव्हता, असं तुम्हीच सांगताय. मग यात त्याचा हात असणार. परवाच्या तपासणीत विषाणू सापडलेला नाही, म्हणून लिव्हर पुन्हा ऐकायला लागलंय. गोळ्या मात्र त्या जुन्या साखरेच्या मापाच्या."

पलंगावरून आवाज आला. "हिरड्या बदलल्या आणि कवळी जुनीच," कवळीवाले म्हणाले.

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

साखरेच्या डॉक्टरांना फोन तिथूनच झाला. ते चिडले, पण परस्पर दुसरीकडे गेल्याबद्दल नाही. आठ आठवडे पत्र का पोचलं नाही, एवढ्यावरच चिडले. दुप्पट केलेली गोळी त्यांनी बंद केली. दुपारी यंत्र लावायला सांगितलं, आणि गोड हाताशी ठेवायला. "घरातून लक्ष हवं" असं ते या वेळी म्हणाले नाहीत.

शनिवारी तो पुन्हा टेबलाशी बसला. मुख्याध्यापिकाबाईंचं भाषण बिनकवळीचंच झालं होतं आणि दंतवैद्य दोनदा फोनवर तडकले होते. त्याने उलटे दात मेणातून काढले आणि पहिल्यापासून बसवायला घेतले. हात स्थिर होता. ती दारात उभी राहून बघत होती. कपाटाचं कुलूप तिने सकाळीच काढलं होतं. एप्रन धुवायला टाकताना खिशात चार गोळ्या सापडल्या, एकीचा कागद अर्धवट सोललेला.

आता तिने त्या गोळ्या एका वाटीत घालून त्याच्या दिव्याशेजारी ठेवल्या.

"असू दे," तो म्हणाला, मान वर न करता.

बस, एवढंच? तिच्या डोक्यात पुन्हा ठिणगी पडली. दोन दिवस ती वाट बघत होती. हा एक शब्द बोलेना. रागवा की! म्हणा की, तू मला मारलं असतंस! "तुम्ही मला नीट सांगायचं होतंत," तिच्याच तोंडून निघालं. "असं गुपचूप खाण्यापेक्षा सरळ सांगायचं होतं."

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "मंगळवारी. इथेच."

सांगितलं होतंच. हात थरथरतो, घाम सुटतो, गोळी चघळली की थांबतं. पत्रात नेमकं तेच लिहिलेलं. त्याने मंगळवारी सांगितलं होतं, आणि त्याआधीची नऊ वर्षं सांगितलं होतं, की खरंच नाही गं खाल्लं.

"मग फ्रेमवाल्याला काय सांगितलंत?" तिने हळू विचारलं.

"त्याने विचारलं, वहिनींना का सांगत नाहीस. मी म्हटलं, सांगून झालंय. ती नाही मानणार."

त्याच्या आवाजात राग असता तर तिने उलट उत्तर दिलं असतं. राग नव्हता. नऊ वर्षांत तो झिजून गेला होता, एवढंच. तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला. पदर नाही, एप्रन नाही, तिने सरळ बाहीने नाक पुसलं.

"तुमचं खरं होतं," ती म्हणाली.

त्याची सुरी थांबली. "काय?"

"ऐकू आलंय तुम्हाला."

"आलंय," तो म्हणाला. "पण परत म्हण."

"तुमचं खरं होतं. तुम्ही खात नव्हता. नऊ वर्षं खरं बोलत होता आणि मी मानलं नाही."

भिंतीपलीकडची हातोडी थांबली होती. या वेळी तिने ओरडून ती सुरू करायला लावली नाही. उलट भिंतीकडे तोंड केलं आणि त्यालाही नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तिसऱ्यांदा म्हणाली.